जहाजावर चढताना बॅगा हमालाच्या हवाली कराव्यात का? (बडोद्याहून सहा जणं, मुंबईची क्रूझ)

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. बडोद्याहून सकाळची वंदे भारत, मुंबई सेंट्रलला उतरून टॅक्सी आणि थेट बॅलार्ड पियर. इथवर सगळं पक्कं.

अडलंय सामानावर. कंपनीच्या मेलमध्ये लिहिलंय की मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दाराशीच पोर्टरकडे द्यायच्या, संध्याकाळपर्यंत त्या केबिनच्या दारात येतील. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेत, पार्सल ऑफिसात होते. जन्मभर लोकांचं सामान इकडून तिकडे जाताना पाहिलंय, त्यामुळे त्यांचा यावर काडीचा विश्वास नाही. "पावती नाही, बिल्ला नंबर नाही, आणि बॅग द्यायची? कुणाला?" हे त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो द्या आणि मोकळे व्हा. सासूबाई म्हणतात, माझी खाऊची पिशवी सोडून काय हवं ते द्या.

तर ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून झालेत. बॅगा द्याव्यात की ओढत न्याव्यात? पोर्टरला काही द्यायचं असतं का? आणि खाऊचं काय होतं?

सूरसागर_काठी

बेधडक द्या.

जहाजाची तपासणी विमानतळासारखीच असते, फक्त रांगा जास्त. कागदपत्रं, फोटो, क्ष-किरण यंत्र, मग लांबलचक चढाचा रस्ता, मग जहाजाचं दार. आत गेल्यावर केबिन लगेच मिळेलच असं नाही, साफसफाई चालू असते. तोवर सगळी जनता जेवणाच्या डेकवर. एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात चोवीस इंची बॅग घेऊन जागा शोधणारे लोक मी पाहिलेत. सासरेबुवांना ते चित्र दाखवा.

बॅगेचा प्रवास असा होतो: वेब चेक-इन केलं की टॅग मिळतात, त्यावर तुमचं नाव, डेक आणि केबिन नंबर. पोर्टर बॅग घेतो, ती क्ष-किरणातून जाते, जाळीच्या पिंजऱ्यात भरतात, पिंजरा फोर्कलिफ्टने जहाजाच्या कुशीतल्या खालच्या दारातून आत. तिथे डेकप्रमाणे वाटणी, आणि मग जहाजाचे कर्मचारी एकेक बॅग दारापुढे आणून ठेवतात. पावती खरंच नसते. टॅग हीच पावती.

एकटा_प्रवासी

मी कधीच देत नाही आणि पुढेही देणार नाही.

तीन-चार रात्रींच्या क्रूझला मोठी बॅग लागतेच कशाला? प्रत्येकी एक लहान ट्रॉली, पाठीवर एक सॅक. उतरतानाही तसंच, स्वतःचं सामान स्वतः घेऊन उतरणाऱ्यांना आधी सोडतात. बाकीचे रंगीत टॅगप्रमाणे नाव पुकारायची वाट बघत बसतात. सासरे बरोबर बोलतायत.

चिवडा_लीलो

एकटा_प्रवासी, तुमच्या नावातच उत्तर आहे. एकट्या माणसाला चालेल ने. सहा जणांच्या बडोदेकर कुटुंबात एक सॅक फक्त थेपल्यांची असते.

मांजलपूरकर

@चिवडा_लीलो, आम्ही देशस्थ आहोत हो 😄 पण थेपले आहेत, हे खरं.

@एकटा_प्रवासी, सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवायला लागला. आता ते रोज विचारतात, "त्या एकट्याने आज काय लिहिलं?"

अनिवासी_बडोदेकर

मी इकडे न्यू जर्सीत, मूळचा रावपुऱ्याचा. इथल्या बंदरांची रीत सांगतो, मुंबईची वेगळी असेल.

मायामीसारख्या बंदरात दाराशी जे पोर्टर असतात ते जहाज कंपनीचे नोकर नसतात. ते गोदी कामगार, आयएलए या मोठ्या युनियनचे सभासद. चांगला पगार असतो, तरी बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायची पद्धत आहे. सक्ती नाही, पण हात पुढे येतो आणि बहुतेक लोक देतात. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांनी त्या धिप्पाड माणसाला आधी विचारलं, "हाउ मच?" तो म्हणाला, "अप टू यू, सर." बाबांना घासाघीस करायची सवय, समोरचा आकडाच बोलेना म्हटल्यावर ते अगदी अस्वस्थ झाले.

सिंगापूरला हा प्रकारच नाही. मरीना बे क्रूझ सेंटरला सरळ काउंटरवर बॅगा देतात, टिपेची अपेक्षा कुणी करत नाही.

टॅगबद्दल दोन शब्द. ते साध्या कागदावर छापून मिळतात आणि साधा कागद बॅगेवर टिकत नाही. घडी घालून वर रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारा, मुठीभोवती गुंडाळा आणि स्टेपलर दोन-तीनदा मारा. स्टेपलर घरून न्या. टर्मिनलबाहेर एक स्टेपलर आणि त्यामागे चाळीस माणसं असा सीन असतो. विमानाचे जुने बारकोडवाले स्टिकर खरवडून काढा. आणि बॅगेच्या आत सगळ्यात वर नाव, फोन आणि केबिन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. बाहेरचा टॅग फाटला तर बॅग उघडून तीच बघतात.

वैद्यबाई

पेशाने डॉक्टर आहे म्हणून हे लिहितेय. बॅग पोर्टरला द्यायला माझी हरकत नाही, पण दुपारी दिलेली बॅग रात्री आठ वाजता हातात येऊ शकते हे धरून चाला. मग हातातल्या पिशवीत काय असायला हवं ते आपोआप ठरतं.

सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, सगळ्या, फक्त त्या दिवसाच्या नाही. इन्सुलिन असेल तर ते कधीही मोठ्या बॅगेत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी. चष्म्याची दुसरी जोडी. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी जहाज सुटायच्या आधी घ्यायची असते. ती बॅगेत आणि बॅग पोटातल्या पिंजऱ्यात, असं झालं की मग लिंबू चाटत बसा. ओळखपत्रं, पैसे, दागिने, चार्जर, पॉवर बँक हे सगळं हातात. मुलांचे पोहायचे कपडे हातात, नाहीतर दिवसभर पोहण्याच्या तलावाकडे बघून रडारड.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवा. चढाचा रस्ता बराच लांब असतो. अभिमानाने नको म्हणणारे ज्येष्ठ अर्ध्यात थांबतात आणि मागे रांग खोळंबते.

बोटवाले_आजोबा

तुमच्या चर्चा वाचून मजा वाटली. आम्ही मूळ देवगडचे, वडील नोकरीसाठी बडोद्याला आले. सुट्टीत गावी जायचं म्हणजे रात्रीच्या गाडीने मुंबई आणि भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट.

तेव्हा टॅग नव्हते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव. वळकटी सुतळीने बांधलेली, तिच्यात फिरकीचा तांब्या. धक्क्यावरचा हमाल डोक्यावर ट्रंक, ट्रंकेवर वळकटी आणि काखेत फिरकीचा दुसरा तांब्या घेऊन फळीवरून असा जायचा की आपण मागे धावत राहायचं. वडील आम्हा भावंडांपैकी एकाला फक्त हमालावर नजर ठेवायला नेमायचे. बाकीच्यांनी डेकवर जागा अडवायची, सतरंजी पसरून.

खरी गंमत उतरताना. बऱ्याच बंदरांना बोट धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, यायचे. बोट वर, पडाव खाली, दोन्ही हलतायत. खलाशी "सोडा!" म्हणाला की आईने ट्रंक सोडायची. सोडली की ती हवेत असायची क्षणभर. आमची एकही ट्रंक पाण्यात गेली नाही, पण शेजारच्यांची आंब्याची पेटी गेली आणि किनारा येईपर्यंत त्याच गोष्टीवरून नवरा-बायको भांडत होते.

बॅलार्ड पियर तेव्हा आमच्यासाठी नव्हतं, ते विलायतेच्या बोटींचं. तिथे जहाजालगत रेल्वेचं स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथून सुटायची, टपाल आणि साहेब लोक उतरवून घेऊन. तीच गाडी आपल्या बडोद्यावरून वर पेशावरकडे जायची. आज तिला गोल्डन टेंपल मेल म्हणतात.

रोहिणी_अलकापुरी

आजोबा, अजून लिहा ना. हे कुणी लिहून ठेवत नाही.

कागदपत्री

आजोबांच्या प्रतिसादाला जोडून: पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर टॅगची पद्धत फार पद्धतशीर होती. प्रवासी स्वतःच ट्रंकांवर लेबल चिकटवायचे. 'केबिन' म्हणजे ही माझ्याबरोबर खोलीत, 'वॉण्टेड ऑन व्हॉयेज' म्हणजे ही सामानाच्या खोलीत, मधूनमधून उघडायला मिळेल अशी, आणि 'नॉट वॉण्टेड ऑन व्हॉयेज' म्हणजे ही तळात, थेट मुक्कामालाच बाहेर काढायची. वैद्यबाईंनी जी विभागणी सांगितली ती तीच आहे.

आणि सामानाचा विषय निघालाच आहे तर जयपूरच्या महाराजा सवाई माधोसिंगांना विसरून चालणार नाही. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला निघाले, तर परदेशचं पाणी चालणार नाही म्हणून एसएस ऑलिंपिया हे अख्खं जहाज भाड्याने घेतलं आणि चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल नेलं. एकेक कलश रिकामाच सुमारे ३४५ किलोचा. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही बघायला मिळतात.

चिवडा_लीलो

म्हणजे सासूबाईंच्या खाऊच्या पिशवीला राजमान्यता आहे.

त्या हमालांनी टिप किती मागितली असेल?

गोदीतला

हमाल, टिप यावर विनोद चाललेत, चालू द्या. माझे आजोबा मुंबईत माथाडी होते, काका गोदीत. मी इथे मकरपुऱ्याला नोकरी करतो. थोडं वेगळं सांगतो.

डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना आधी ना हजेरी होती ना भविष्यनिर्वाह निधी. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला तेव्हा कुठे नोंदणी, मजुरीची हमी, औषधपाणी हे आलं. आजोबांची मान कायम एका बाजूला कललेली होती. आम्हाला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच आजोबांची तशी असते.

तर ताई, टिप किती हा प्रश्न नंतरचा. आधी बॅग किती भरायची ते बघा. पंचवीस-तीस किलोची एक बॅग करू नका, त्यापेक्षा दोन हलक्या करा. चाकं नीट आहेत का बघा. मोडक्या चाकाची, फुगलेली, मूठ तुटायला आलेली बॅग दिवसभर शेकडो बॅगा उचलणाऱ्या माणसाच्या हातात देणं बरं नव्हे. आणि तशीच बॅग फाटते, मग तक्रार त्याच्यावर.

रेल्वे स्टेशनवर मात्र हमालाशी आधी ठरवा, दरफलक लावलेला असतो तो बघा आणि दंडावरच्या बिल्ल्याचा नंबर मनात ठेवा. सासऱ्यांना हे सांगायला नकोच.

सूरसागर_काठी

@गोदीतला, पटलं. मुंबईच्या टर्मिनलवर आमच्याकडे कुणी पैसे मागितले नाहीत, पण आम्ही बॅगा उतरवून घेणाऱ्याला आपणहून दिले. त्याने टॅग नीट बसलाय का ते ओढून बघितलं आणि एकाला आणखी चिकटपट्टी मारून दिली.

आणि हो, बंदराच्या फाटकावर सीआयएसएफचे जवान असतात, तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. टॅक्सीच्या डिकीतल्या बॅगेत ठेवलंत तर तिथेच बॅग उघडायची वेळ येते. इंदिरा डॉकमधलं नवं क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. तेव्हा त्याआधीचे अनुभव वाचताना दार कुठलं, रांग कुठली हे बदललेलं असू शकतं. कंपनीच्या मेलमधलं ठिकाण टॅक्सीवाल्याला दाखवा, नुसतं "गोदीत सोडा" म्हणू नका.

फतेगंजचा_बंड्या

एक नाजूक प्रश्न. जहाजावर घेतलेली बाटली सामानातून आणता येते का?

सूरसागर_काठी

जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बहुतेक कंपन्या स्वतःकडेच ठेवतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरताना देतात. वाटेतल्या बंदरात घेतलेली चढताना काढून घेतात, तीही शेवटीच परत. घरून नेलेली तर सापडतेच.

फतेगंजचा_बंड्या

ते कळलं. मी मुंबई ते बडोदं या टप्प्याबद्दल विचारत होतो.

कागदपत्री

धाग्याचा विषय सामान आहे, जामीन नाही.

व्यवस्थापक

या विषयावरचे पुढचे प्रतिसाद काढून टाकले आहेत. गुजरातेत दारूबंदी आहे, कृपया मार्गदर्शन मागू नये, देऊही नये. विशेषतः "माझा एक मित्र" असं म्हणून.

मंगळबाजारवाली

आमच्या भिशी ग्रुपची गोष्ट सांगते. सिंगापूरहून क्रूझ होती. जायच्या आधी सगळ्या जणींनी मंगळ बाजारात एकाच दुकानातून बॅगा घेतल्या, कारण दहाच्या वर घेतल्या तर भाव कमी. सगळ्या निळ्या, सगळ्या एका मापाच्या. मग ग्रुपवर कुणीतरी टाकलं की ओळख पटावी म्हणून लाल रिबीन बांधा. सगळ्यांनी बांधली.

संध्याकाळी केबिनसमोर बॅगा आल्या, टॅग बरोबर होते, त्यामुळे घोटाळा नाही. घोटाळा उतरताना झाला. टर्मिनलवर हॉलभर बॅगा मांडून ठेवलेल्या असतात, तिथे टॅगकडे कोण बघतंय, निळी आणि लाल रिबीन दिसली की उचल. चांगी विमानतळावर बॅग उघडल्यावर एकीला दुसरीचे स्विमिंग सूट मिळाले आणि दुसरीला पहिलीच्या नवऱ्यासाठी घेतलेले सहा बनियन.

तेव्हापासून माझी आई जुन्या इरकलीचा काठ फाडून मुठीला गाठ मारते. हिरवा, वर तांबडी रेघ. तसा दुसरा काठ आजवर कुठल्याही हॉलमध्ये दिसला नाही.

रोहिणी_अलकापुरी

मंगळ बाजारात दहाच्या वर घेतल्या तर किती पडतात हो? खरंच विचारतेय.

मंगळबाजारवाली

संदेश पाठवलाय. इथे लिहिलं तर उद्या भाव वाढेल.

नर्मदातीरी

शेवटच्या रात्रीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. चढताना एक दुपार कशीतरी निघते, खरी परीक्षा उतरायच्या आदल्या रात्री.

त्या रात्री रंगीत टॅग लावून बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, साधारण दहा-अकराच्या आत. मग पूर्ण बोळ बॅगांनी भरतो, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल इतकीच वाट. सकाळी त्या थेट टर्मिनलवर भेटतात. म्हणजे सकाळी अंगावर जे घालायचंय ते, दात घासायचं सामान आणि चपला-बूट हे बाहेर काढून ठेवायला हवं. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि तरीही दर वेळी कुणीतरी नाईट ड्रेसवर नाश्त्याला येतं.

आमच्या सहलीत एक आजोबा होते, अतिशय टापटीप. रात्री नऊलाच बॅग बांधून, कुलूप लावून, टॅग लावून बाहेर. सकाळी नाश्त्याला फक्त उपमा आणि दही. डोसा नको, टोस्ट नको. आजींनी विचारलं काय झालं, तर ते काहीच बोलेनात. ओठ घट्ट मिटलेले. कवळीची डबी बॅगेत, बॅग खाली उतरलेली.

बोटवाले_आजोबा

हा प्रतिसाद माझ्या सौ.नी वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार नाही.

एकटा_प्रवासी

पुन्हा सांगतो. स्वतःची बॅग स्वतःकडे. कवळी तोंडात.

सयाजीगंज_२

अहो, बडोदेकरांना जहाज म्हटलं की दहेज-घोघा फेरी आठवायला पाहिजे ने! २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली ती फक्त माणसांसाठी, वर्षभराने गाड्याही घ्यायला लागली तेव्हा आम्ही हौसेने भावनगरला मामाकडे जायला निघालो. गाडीच जहाजात चढवायची, बॅगा डिकीतच, पोर्टर नाही, टॅग नाही, काही नाही. यासारखं सुख नाही. पण दहेजकडे गाळामुळे पाण्याची खोली पुरेना आणि ती बंद झाली. २०२० च्या नोव्हेंबरपासून फेरी हजिऱ्याहून घोघ्याला जाते. बडोद्याहून आधी खाली सुरतेकडे जायचं आणि मग खाडी ओलांडून परत वर यायचं, त्यापेक्षा गाडीने वटामणवरून गेलेलं बरं.

चिवडा_लीलो

हा धागा आता दहेजच्या गाळात रुतला. ताई, परत या.

मांजलपूरकर

आले, आले. वाचतेय सगळं. घरात रोज संध्याकाळी या धाग्याचं वाचन होतं, गोदीतला यांच्या प्रतिसादानंतर सासरे बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "हा माणूस बरोबर आहे, दोन बॅगांच्या चार करा."

तर ठरलंय असं. मोठ्या चार बॅगा पोर्टरकडे. पण सासऱ्यांनी अट घातली आहे की बुकिंग ते स्वतः करणार. म्हणजे काय तर प्रत्येक बॅगेवर मोठ्या अक्षरात १/४, २/४, ३/४, ४/४, पार्सलवर घालतात तसं. शिवाय एका वहीत रकाने: बॅगेचा रंग, वजन, आत काय, कुणाच्या ताब्यात दिली, किती वाजता. नवऱ्याला हसू आवरेना. मला मात्र पटलं. चारपैकी तीनच आल्या तर कुठली राहिली हे लगेच कळेल.

आता खाऊ. सासूबाईंच्या यादीत थेपले, भाकरवडी, लीलो चिवडा, डिंकाचे लाडू, लोणच्याची बरणी, आणि (हे मला काल कळलं) विजेची छोटी किटली.

सूरसागर_काठी

किटली काढा! इस्त्री, किटली, इंडक्शन शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती हे जहाजावर चालत नाही. आगीची भीती. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा बहुतेक कंपन्या ठेवून घेतात. यंत्रात दिसलं की बॅग दारात येतच नाही. सगळ्यांच्या आल्या आणि तुमचीच ३/४ नाही, मग कळतं की खालच्या डेकवर सुरक्षावाल्यांकडे बोलावलंय. तिथे आपल्यासारखीच मंडळी रांगेत, प्रत्येकाच्या बॅगेतून एकेक किटली निघतेय आणि प्रत्येकाची आई सांगतेय की हे फक्त पाणी गरम करायला.

रोहिणी_अलकापुरी

खाऊचं कंपनीनुसार वेगळं असतं. पाकीटबंद, सुका, न उघडलेला फराळ अनेकदा जाऊ देतात, घरी शिजवलेलं बहुतेक ठिकाणी नाही. थेपले गाडीतच संपवा. वंदे भारतमध्ये बडोदं ते मुंबई तेवढाच तर वेळ असतो. लोणच्याची बरणी कुठल्याच बॅगेत नको, नियम राहू द्या, कपड्यांसाठी तरी.

वैद्यबाई

डिंकाचे लाडू डब्यात नेलेत तर यंत्रावर काय दिसेल याचा विचार करून बघा. गोल, घट्ट, एकसारखे, ओळीने.

चिवडा_लीलो

😂😂 "सर, धिस इज डिंक."

मांजलपूरकर

किटली काढली. लाडू पाकिटातले घेऊ. सासूबाई रुसल्या आहेत पण जहाजावर चोवीस तास चहा मिळतो हे ऐकून जरा निवळल्या. सासऱ्यांना समुद्राला नारळ द्यायचा आहे, तो हातातल्या पिशवीत चालेल का?

कागदपत्री

नारळ नेता आला तरी जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला सक्त मनाई असते, फूलसुद्धा नाही. कॅमेरे असतात. तो आदल्या दिवशी गिरगाव चौपाटीला द्या, किंवा इथेच महीसागरला, महीला.

मांजलपूरकर

आम्ही त्याच दिवशी जातोय, चौपाटीला वेळ नाही. महीला जाऊन येऊ रविवारी.

शेवटचं विचारते. वंदे भारतमध्ये या चार बॅगा मावतील का? विमानाचा विचार आम्ही त्या १५ किलोंमुळेच सोडला.

गोदीतला

वजनाची चिंता नको, एसी चेअर कारला माणशी ४० किलोपर्यंत चालतं. प्रश्न जागेचा. वरच्या फळीवर मध्यम बॅग सहज बसते. मोठ्या दोन डब्याच्या टोकाला, शेवटच्या सीटच्या मागे ठेवा आणि तुमच्यापैकी एकाने त्या बाजूची सीट घ्या. साखळी-कुलूप लावा, सासऱ्यांचं समाधान होईल.

बडोद्याला गाडी फार वेळ थांबत नाही. डबा कुठे लागणार ते फलकावर बघून आधीच तिथे उभे राहा. पलीकडच्या फलाटावर जिन्याने बॅगा चढवण्यापेक्षा सरळ हमाल करा, सासू-सासरे बरोबर आहेत.

सयाजीगंज_२

आणि सोडायला येणाऱ्यांना आत चढू देऊ नका! दारं आपोआप बंद होतात. माझा मेहुणा बहिणीची बॅग वर ठेवायला चढला आणि सुरतेला उतरला. गाडीची चावी त्याच्या खिशात, गाडी स्टेशनबाहेर नो पार्किंगमध्ये.

मांजलपूरकर

नवऱ्याच्या भावाला हे आत्ताच पाठवलं. तो म्हणतो, मग मी रिक्षाने येतो.